श्वासापुरती चुणी

मोठ्या बाजाराच्या छपराखाली, वखारीकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याखाली माझ्या मावशीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. मशीनवर बसलेलं असताना डोक्याला काही लागत नसे, पण उठताना आठवण ठेवावी लागे. तीस वर्षांत ती आठवण तिच्या मानेत मुरली होती. घरीसुद्धा ती खुर्चीवरून उठायची ती वाकूनच.

नवे कपडे ती शिवत नसे. सैल असेल ते आवळायचं, आखूड असेल ते सोडायचं, चेन बदलायची, विरलेलं सांधायचं, हे तिचं काम. "नवं कुणीही शिवेल," ती म्हणायची, "दुसऱ्यानं शिवलेलं उसवून, कापडाला न दुखवता परत शिवून दाखवा म्हणावं."

शेजारच्या स्टुलावर माझी आई बसायची. आई तिची थोरली बहीण. सहा वर्षांची असताना आईला मोठा ताप आला आणि ताप उतरला तो कान घेऊनच. आई बोलायची व्यवस्थित, समोरच्याचे ओठ वाचायची, पण ऐकू मात्र काही येत नसे. काजं, बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे होती. तिला हाक मारायची झाली तर मावशी टेबलावर कात्री आपटायची. लाकडातून ते आईच्या कोपराला कळायचं.

मावशीच्या तोंडाला कुलूप होतं. कोण खंगत चाललंय, कुणाला दिवस गेलेत, कुणी लग्नाआधी दोन महिने उपाशी राहून कंबर कमी केलीय, हे सगळ्यात आधी तिच्या टेपला कळायचं. बाजारातल्या बायका खोदून खोदून विचारायच्या. मावशी एकच उत्तर द्यायची, "टेपला आकडे असतात, तोंड नसतं."

एके दिवशी दुपारी चष्मा लावलेली एक किडकिडीत बाई मोठी पिशवी घेऊन आली. तिने टेबलावर सात कपडे ठेवले. एक हमालाचं जाकीट, दोन एप्रन, एक बाईचा कोट, कारकुनाचा सदरा आणि असंच काही. सगळे कोरे करकरीत, काहींची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

"हे जुने करून हवेत," ती म्हणाली.

मावशीने मान वर करून चष्मेवालीकडे बघितलं. आयुष्यभर लोक जुनं घेऊन आले होते आणि नव्यासारखं करून द्या म्हणाले होते. उलट मागणारी ही पहिलीच. मावशीच्या मनात आलं, एकतर पोलीस असतील नाहीतर चोर. पण कापडाचा प्रश्न आला की तिला राहवत नसे.

"कुणाचं जुनं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"जुनं काय एकच असतं होय? हमालाचं जाकीट उजव्या खांद्यावर आधी विरतं. मासेवाली हात पोटाला पुसत नाही, मांडीला पुसते, आणि एकाच मांडीला. अंडीवाल्याच्या बाह्या कोपरापर्यंत चुरगळलेल्या असतात, कारण तो दिवसातून पन्नासदा वर सारतो. आणि ही बाजाराला येणारी बाई कुठल्या हातात पिशवी धरते? तिकडची कोटाची कड घासून पांढरी व्हायला हवी."

 चष्मेवालीने उलटं टोपलं ओढलं आणि त्यावर बसली. "सांगत राहा," ती म्हणाली आणि वही काढली.

पुढचे पंधरा दिवस मावशीने त्या कपड्यांचे हाल हाल केले. धुतले, पिळले, कडक उन्हात टाकले, पुन्हा धुतले. पाय घासायच्या दगडाने कोपरं घासली. खिशात जड कुलपं घालून ते टांगून ठेवले म्हणजे खिसे लोंबावेत. बाईचा कोट घडी करून आईच्या स्टुलावर ठेवला आणि आईने दोन दिवस तो बुडाखाली घेऊन काम केलं. आईने विचारलंच, "हे काय चाललंय?" मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक वेडं आहे." आईला ते पटलं. वेडी गिऱ्हाइकं काही कमी नव्हती.

मग मापं बघायला चष्मेवाली एकेकाला घेऊन येऊ लागली. जाकीट घालणारा माणूस आला तेव्हा खरी गंमत झाली. चाळिशीचा, मध्यम उंचीचा, हळू बोलणारा. वाटेत कुणाला धक्का लागला तर दोनदा माफी मागेल असा. मावशीने त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळली. "चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"जरा थांबा हं," तो म्हणाला, आणि त्याने श्वास घेतला.

मावशीच्या बोटांतून टेप सरकली. छाती पुढे आलीच, पण बरगड्या दोन्ही बाजूंना पसरल्या, पाठ रुंदावली, आणि हे सगळं आवाज न करता, शांतपणे, एखादं दार उघडावं तसं झालं. तिने पुन्हा आकडा बघितला. एकोणपन्नास.

"परत सोडा," ती म्हणाली. चव्वेचाळीस. "परत घ्या." एकोणपन्नास.

तीस वर्षांत तिने हजारो माणसं मोजली होती. पोटं आत ओढणारे बघितले होते, छाती फुगवून उभे राहणारे बघितले होते. पण मापातून असा निसटून जाणारा माणूस तिला भेटला नव्हता.

"एवढा वारा घेऊन करता काय?"

तो हसला. "बाहेर काढतो. तेच काम आहे माझं."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चष्मेवालीने जिन्याखाली वाकून, हलक्या आवाजात सगळं सांगितलं. ती सगळी मंडळी नदीपलीकडच्या मोठ्या थिएटरात ऑपेरा गायची. ऑपेरा म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाण्यातून सांगितलेलं नाटक. मावशीने त्या थिएटरच्या पायऱ्या बसमधून पाहिल्या होत्या, त्या पलीकडे तिचा संबंध नव्हता. तर येत्या मंगळवारी अकरा वाजता ही माणसं बाजारात, बाजारातल्यांसारखीच मिसळून उभी राहणार होती आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना गाणार होती. बाजाराच्या व्यवस्थापकाशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

"पण इथे कशाला?" मावशीने विचारलं. "तुमचं ते एवढं मोठं थिएटर सोडून?"

"इथली माणसं तिथे येत नाहीत," चष्मेवाली म्हणाली. "मग आम्हीच येतो. फक्त कुणाला कळता कामा नये. नाहीतर लोक ऐकायला तयार होऊन उभे राहतील, आणि मग ती मजा नाही."

ते गेल्यावर मावशी जाकीट मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. सैल केलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण हमालाचं जाकीट सैल नसतं. ओझं उचलताना सैल कापड आडवं येतं. घट्ट ठेवलं तर पहिल्या श्वासाला शिवण फाटणार. तिने दोन्ही बगलांखालची शिवण उसवली आणि आत एक चुणी घातली, अशी की माणूस उभा असताना ती शिवणीत लपून राहावी आणि बरगड्या पसरल्या की उघडावी, श्वास गेला की आपसूक मिटावी. पहिली चुणी फुगली. दुसरी उघडली पण मिटेना. चार वेळा उसवलं. शेवटी ते जाकीट तिने स्वतः चढवलं आणि मशीनपाशी उभी राहून मोठमोठे श्वास घ्यायला लागली.

आईने सुई थांबवली. "दम लागलाय का गं तुला? डॉक्टरकडे जाऊन ये."

मावशीने गुपित पाळलं, पण एक लबाडी केली. सोमवारी तिने मला निरोप पाठवला, "उद्या अकराच्या आत ये, तुझा कोट तयार आहे." माझा कोट तिच्याकडे नव्हताच. तो माझ्या अंगावर होता. मी छापखान्यात कामाला होते आणि त्या आठवड्यात माझी दुपारची पाळी होती. मला वाटलं, मावशीला विसरायला व्हायला लागलंय. काळजीपोटी गेले.

मी पोचले तेव्हा बाजार ऐन भरात होता. बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, कांद्याची पोती ओढली जात होती, जो तो दुसऱ्यापेक्षा मोठ्याने भाव ओरडत होता. मावशी मशीनवर बसली होती, पण मशीन बंद होतं. आई बटण लावत होती.

"कुठाय कोट?" मी विचारलं.

"बस गप," मावशी म्हणाली. तिची नजर घड्याळावर होती.

मासळीच्या ओळीतून एक बाई भाव ओरडत होती. रोजच्यासारखंच. मग ओरडता ओरडता तिचा आवाज वर गेला, आणि खाली आलाच नाही. वर जाऊन तिथेच राहिला. मला आधी वाटलं कुणाला लागलं, कुणी किंचाळलं. पण किंचाळी अशी सरळ नसते. तो आवाज ताणलेल्या दोऱ्यासारखा छपरापर्यंत गेला आणि तिथून वळून खाली आमच्याकडे आला. आजूबाजूचे लोक वैतागून बघायला लागले. मग अंडीवाल्यांच्या बाजूने दुसऱ्या एका माणसाने तिला उत्तर दिलं, तसंच, गाऊन. मग माझ्यापासून चार हातांवर, टोमॅटो निवडत असलेल्या बाईने टोमॅटो हातात तसाच धरून तोंड उघडलं, आणि तीही गायला लागली.

शब्द परक्या भाषेतले होते. एकही कळला नाही. पण कुणीतरी कुणाची तरी वाट बघून थकलंय आणि तरीही अजून वाट बघतंय, एवढं मला स्पष्ट कळलं. कसं कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्यापाशी माइक नव्हता, वाजंत्री नव्हती. माणसाच्या गळ्यातून निघालेला नुसता आवाज, आणि त्याने ते एवढं मोठं छप्पर भरून गेलं होतं. वरचे पत्रे बारीक थरथरत होते. तुळईवरची कबुतरं उडाली, एक फेरी मारून परत बसली. खाटकाने सुरा लाकडावर टेकवला होता आणि त्याची मूठ सोडायला तो विसरला होता. फोनवर कुणाला तरी झापत असलेल्या एका माणसाने फोन कानापासून काढला आणि हात लांब करून गाण्याच्या दिशेला धरला. तराजूची पारडी रिकामी लटकत होती. त्या बाजारात मी लहानाची मोठी झाले होते. तिथे बर्फ वितळून ठिबकतो त्याचा आवाज येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग वखारीच्या जिन्यावरून हमाल उतरला. खांद्यावर पोतं, अंगात जाकीट. तो आमच्या दुकानासमोरच थांबला आणि गायला लागला. बाकीच्यांचा आवाज वरून येत होता, याचा खालून आला, फरशीतून.

मी मावशीकडे बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या बगलेकडे बघत होती. त्याने श्वास घेतला की शिवण फाकायची आणि आतली चुणी नखाएवढी दिसायची, गाताना हळूहळू मिटत जायची, पुरती मिटली की सूर संपायचा. पुन्हा उघडायची. आपण शिवलेलं कापड श्वास घेताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि तीही त्याच्याबरोबर श्वास घेत होती.

इकडे आईला एव्हाना कळलं होतं की बाजार थांबलाय. तिने माझी बाही ओढली. "काय झालं? आग लागलीय का कुठे?"

मी मान हलवली आणि ओठांनी सांगितलं, "गातायत."

"कोण?" म्हणत तिने उठण्यासाठी टेबलावर हात टेकला, आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग परत टेकला. पुरा तळहात. ती लाकडाकडे बघत राहिली. नंतर तिने जिन्याच्या लोखंडी खांबाला हात लावून पाहिला. मग ती उठली, माणसांमधून वाट काढत सरळ त्या हमालामागे गेली आणि तिने आपला हात त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवला.

मी तिला आणायला धावणार, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं. "जाऊ नकोस," ती म्हणाली.

तो माणूस दचकला. मला त्याची मान हललेली दिसली. पण सूर मोडला नाही. त्याने खांद्यावरचं पोतं अगदी हलकेच, आवाज न होऊ देता खाली ठेवलं, आणि थोडा मागे, आईच्या हाताकडे रेलला. मग आईने दुसराही हात ठेवला. आणि शेवटी शेवटी, बाकीचे तिघे-चौघे वरच्या सुरात गुंफलेले असताना, त्याने एक खालचा सूर धरला तो इतका वेळ धरला की मला वाटलं आता याच्यात श्वास उरलेला असणं शक्य नाही. आईने डोळे मिटले होते. ओठ वाचून जगणारी माझी आई भर गर्दीत कधीच डोळे मिटत नसे.

सूर संपला. कुणी हललं नाही. बराच वेळ असाच गेल्यावर खराखुरा अंडीवाला म्हणाला, "आता?" तेव्हा कुठे माणसं हसली आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबायच्या आत ते सातही जण गर्दीत मिसळून निघून गेले होते. कुणी मागे पोतं ठेवून, कुणी टोमॅटो. घड्याळात बघितलं तर नऊ मिनिटं झाली होती. भाव परत सुरू झाले, पण दुपारपर्यंत कुणी फारसं ओरडलं नाही. हळू सांगत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसे.

आई परत येऊन स्टुलावर बसली. हात मांडीवर उताणे. सुई तिने घेतलीच नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

ती तळहातांकडे बघत म्हणाली, "बाबांच्या छातीवर झोपायचे मी, ताप येऊन गेल्यावर. ते बोलायला लागले की गालाला असंच व्हायचं. पण हे केवढं मोठं होतं." मग ती म्हणाली, "माणसात एवढं असतं?"

मावशीने तिची सुई उचलून टाचणीच्या उशीत खोचली. 

तेवढ्यात आईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मावशीकडे रोखून बघितलं. "तो कोट. तो मी बसून चुरगळलेला कोट त्या टोमॅटो निवडणाऱ्या बाईच्या अंगात होता. तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

त्यानंतर आई दोन दिवस रुसली. तिचा रुसवा फार अवघड असे, कारण ती तोंड फिरवून बसायची, आणि मग मावशीला तिची समजूतच काढता यायची नाही. सॉरी म्हणायला समोर जावं तर ती दुसरीकडे वळायची. तिसऱ्या दिवशी मावशीने सॉरी कागदावर लिहून तिच्या बटणांच्या डब्यात ठेवलं.

मला मावशी नंतर म्हणाली, "मला सगळं माहीत होतं गं. कोण कुठे उभं राहणार, कुठली बाही कुणाची. तरी मी त्या हमालाचे श्वास मोजत बसले. कापड मी शिवलं, पण आत काय आहे ते टेपला थोडंच कळतं?"

महिन्याभराने चष्मेवाली परत आली. या वेळी बसस्टँड. पुढे कोर्टाचा व्हरांडा, पोस्ट, इस्पितळ. मावशी आता त्यांची झाली. ती आधी जाऊन त्या जागी तीन-चार दिवस नुसती बसून यायची आणि माणसांच्या अंगावरचे कपडे बघायची. इस्पितळाच्या बाकांवरून ती गंभीर होऊन आली. "तिथे सगळ्यांची कोपरं चुरगळलेली असतात," ती म्हणाली, "गुडघ्यावर कोपर टेकून बसतात ना. आणि घाईत घरातून निघालेल्यांची बटणं चुकलेली असतात. दिवसभर चुकलेली राहतात, कुणी सांगत नाही." तिने एका गायिकेला चुकीच्या काजात बटण लावून पाठवलं. त्या दिवशी ते फक्त तिघं होते आणि अगदी हळू गायले. मावशीशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन चालू होतं. गाणं अर्ध्यावर असताना नर्सने दारातून त्यांना बोलावलं. ते गेले, दाराशी दोन वाक्यं ऐकली, आणि परत येऊन जागेवर बसले. मावशीने भीत भीत त्यांच्याकडे पाहिलं.

"नीट झालं," ते म्हणाले. "तासाभरात भेटू देतील. तोवर हे ऐकतो." आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या सदऱ्याचं चुकलेलं बटण सोडून नीट लावलं.

आई प्रत्येक ठिकाणी जायची. मंडळींना ती ठाऊक झाली होती. हमाल झालेला तो गायक कुठेही उभा राहिला तरी पाठीमागे एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायचा.

एकदा त्यांनी दोघी बहिणींना थिएटरात बोलावलं. मखमली खुर्च्या, झुंबरं, पडदा, खाली पन्नास वादक. मी सोबत गेले होते. मावशीने पूर्णवेळ कपडे बघितले आणि दुसऱ्या अंकात नायिकेच्या झग्याची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आहे हे मला कानात सांगितलं. आईने अंधार झाल्याबरोबर बूट काढले आणि पाय लाकडी जमिनीवर सपाट टेकवून बसली. मध्यंतरात शेजारची बाई नाक मुरडून काहीतरी पुटपुटली, पण आईला ते ऐकू येण्यासारखं नव्हतं.

परतताना बसमध्ये मी मावशीला विचारलं, आवडलं का.

"सुरेखच होतं," ती म्हणाली. "पण तिथे सगळे तयारीने आले होते." खिडकीबाहेर दुकानं बंद होत होती, बायका पिशव्या घेऊन घरी निघाल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती. "आमच्या खाटकाचं तोंड बघितलं होतंस ना? तसं तोंड त्या खुर्च्यांमध्ये एकाचंही नव्हतं."

मावशी आता सत्तरीला आलीय. मशीन तिने माझ्या मावसबहिणीला दिलं, पण कपडे जुने करण्याचं काम अजून स्वतः करते. पुढचं गाणं कुठे आहे ते ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही. गेल्या आठवड्यात मात्र ती सलग तीन दिवस सकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसली. तिला वाचायचा कंटाळा आहे. घरी आल्यावर तिने मला एवढंच विचारलं, पेपर वाचणाऱ्या माणसांच्या उजव्या बाहीला शाईचा डाग लागतो तो धुतल्यावर जातो की राहतो. मी म्हटलं, छापखान्यात माझी उभी हयात गेली, राहतो. ती खुश होऊन आत गेली आणि आईला बोलवायला तिने टेबलावर कात्री आपटली.